फक्त तुझ्यासाठी म्हणून लिहिलेलं

माझा स्वभाव मुलखाचा उतावळा. आई म्हणायची, ही कायम घोड्यावर बसलेली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत नुकते इंटरनेट कॅफे निघाले होते. अमेरिकेतल्या चुलतभावानं सगळ्या भावकीसाठी ईमेलचा एक पत्ता करून दिला होता. त्यावर लिहिलं की तीसेक जणांना एकदम जायचं. कुणाचं बारसं, कुणाचा निकाल. आम्हाला लय कौतुक.

त्याच वर्षी धाकट्या बहिणीचं साताऱ्यात जमत आलं. तिला लहानपणापासून फिट यायची. चार वर्षांत आली नव्हती, पण औषध चालू होतं. रविवारी मुलगा भेटायला आला की त्याला ती स्वतः सांगणार होती. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. मला कुठलं राहवतंय! चुलतभाऊ डॉक्टर, त्याचं पत्र आलेलंच होतं. त्यालाच उत्तर लिहून विचारलं, या औषधानं पुढं बाळाला काही होईल का? वर लिहिलं, 'फक्त तुझ्यासाठी, कुणाला दाखवू नकोस.'

त्याचं पत्र भावकीच्या पत्त्यावरून आलं होतं, उत्तरही तिथूनच सगळ्यांना जाणार, हे माझ्या ध्यानातच नाही. दुसऱ्या दिवशी रहिमतपूरच्या काकांचा फोन, पोरीला फिट कधीपासून येते म्हणून. तशीच कॅफेत धावले. पोस्टात टाकलेलं पत्रसुद्धा अर्ज देऊन परत मागता येतं, मी एकदा मागितलं होतं. कॅफेवाला म्हणाला, "ताई, गेलं ते गेलं." मी त्याच्यावरच तोंड सोडलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मग अक्कल पाजळून सगळ्यांना आणखी एक पत्र धाडलं, आधीचं वाचू नका म्हणून. ज्यांनी वाचलं नव्हतं, त्यांनीही मग शोधून वाचलं.

शनिवारी साताऱ्याहून निरोप आला. त्यांना बाहेरून कळलं होतं, मुलगा येणार नव्हता.

बहीण गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी रडत सांगत सुटले, मला ते मशीन कळलं नाही गं, त्याला एकट्यालाच कळवायचं होतं. तिनं ओली चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि मग माझ्याकडं बघितलं.

"त्याला एकट्याला कळवायचं, हे तरी मला विचारलं होतंस का, ताई?"