भादरलेले हात

आसगावात तेजरामकाकांचे हात सगळ्यांना माहीत आहेत. मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, एक केस नाही. वय साठीच्या पुढे, मिशा पांढऱ्या आणि हात नव्या नवरीसारखे. पाहुणे बघतात आणि हसू दाबतात. मी पडले शेजारीण, मी कधीचंच हसून घेतलेलं आहे.

हे सगळं रोटीपायी. आमच्याकडे कार्यात लांब रोटी लागतेच. गव्हाचं सैल पीठ आपटून आपटून तार येईपर्यंत मळायचं, गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद पसरायचा. मंगलाकाकूच्या रोटीतून पलीकडचं माणूस दिसायचं. मग काकूला लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ मात्र पूर्वीपेक्षा जोरात चालू लागली. खाटेवर पडल्या पडल्या तिला रोटी हवी आणि शेजारणींच्या हातची चालेना. तेव्हा काका बसले चुलीपुढे.

धान झोडपणाऱ्या माणसानं कणीकही तशीच झोडपली. शिंतोडे भिंतीवरच्या घड्याळापर्यंत गेले. पहिली रोटी मडक्याऐवजी मांजरावर पडली. ते बिचारं कितीतरी दिवस घरी फिरकलं नाही. त्यात पीठ हाताच्या केसांना धरून बसे आणि ओढलं की काका बोंबलत. काकू खाटेवरून ओरडे, "अजी, रोटी करून राहिले का तलावात जाळं फेकून राहिले?" आणि हसता हसता तिला ठसका लागे. आजारानंतर ती पहिल्यांदा हसली ती या रोट्यांवर. शेवटी तिनंच हुकूम सोडला, "हाताचे केस काढून या." काका पवनीला गेले. न्हाव्यानं दाढी की कटिंग विचारलं, काकांनी दोन्ही हात पुढे केले.

त्यानंतर रोटी जमली. काकूनं खाल्ली आणि नाइलाजानं म्हणाली, "चालते." ते 'चालते' सांगत काका गावभर फिरले.

गेल्या वर्षी काकू गेली. काका हात भादरायला अजून पवनीला जातात. रोज एक रोटी करतात. ती इतकी सुरेख होते की मला तिचा रागच येतो. नावं ठेवायला माणूस उरलं नाही त्या घरात एवढी चांगली रोटी हवी कशाला?

काकूच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला काकांनी मला मदतीला चुलीशी बसवलं. माझी रोटी मडक्यावरून घसरली, फाटली आणि अर्धी चुलीत गेली. मी जीभ चावली. मागून आवाज आला, "अजी, रोटी करून राहिले का तलावात जाळं फेकून राहिले?"

काकाच होते. मला ते नेहमी 'रत्नमाला' म्हणतात, 'अजी' नाही. बोलले आणि स्वतःच दचकले. रिकाम्या खाटेकडे बघत त्यांनी विचारलं, "असंच म्हणे ना मंगला?"

"याच्याहून जोरात, काका."

"हो. लई जोरात म्हणे." त्यांनी भादरलेल्या हातानं डोळे पुसले आणि परात माझ्याकडे सरकवली. "कर अजून एक. तुले येत नाही तेच बरं हाय."

मी अगदी मनापासून नीट करायला गेले, तरी फाटलीच. काका तोवर खाटेवर जाऊन बसले होते, काकू पडायची तिथेच. या वेळी ते जोरात ओरडले.