दोन कप्प्यांची पिशवी

शिवणयंत्राच्या तेलाचा आणि कोऱ्या अस्तराचा एकत्र वास आजही कुठे आला, की माझी पावलं आपसूक मंदावतात. अवसरी बुद्रुकमधल्या आमच्या घरासमोर शिलाईकाकूंची खोली होती आणि तो वास तिच्या उंबऱ्यापासूनच सुरू व्हायचा. काकूंच्या गळ्यात टेप कायम असे. समोर काहीही आलं तरी त्या आधी त्याचं माप घेत. पावणा असो, भोपळा असो, की नवी बादली.

त्यांची मुलगी मनीषा नाशिकला परिचारिका आहे. तिने पांढरा आयफोन पाठवला, तेव्हा काकूंनी तो आपल्या जुन्या अँड्रॉइड फोनशेजारी मशीनच्या पाटावर ठेवला आणि दोघांना टेप लावला. मी शनिवारी पुण्याहून आले होते, समोर बसून पाहत होते.

"छाती सारखीच हाय गं. उंची उलट जराशी कमी. मग एवढी मिजास कशाची, अस्तराची?"

"काकू, वापरून तर बघा."

"बघणारच. अंगावर वागवल्याबिगर कापड कळतंय व्हय?"

आणि त्यांनी खरोखरच दोन्ही फोन अंगावर वागवले. जुना फोन बोटाच्या ठशाने उघडायचा. पण सुईने आयुष्यभर टोचून टोचून काकूंच्या बोटाचं टोक खरबरीत झालेलं, त्यामुळे तो रोज रुसायचा. पांढरा फोन चेहऱ्याने उघडे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि ओठांत टाचण्या, तरी तो त्यांना ओळखायचा. "ह्यो बरा हाय बया. बोटाला इचारीत बी न्हाई," असं म्हणून त्या उगाचच पुन्हा पुन्हा त्याच्यापुढे तोंड न्यायच्या. नव्या सुनेला आपलं नाव पाठ आहे, याचं सासूला वाटावं तसं काहीसं अप्रूप त्यांच्या डोळ्यांत दिसे.

अडलं ते मागे येण्यापाशी. जुन्या फोनच्या तळाशी बाण होता. चुकलं की तो दाबायचा. पांढऱ्यात डाव्या काठावरून बोट सरकवावं लागे, आणि तो काठ काकूंच्या लक्षात राहत नसे. "शिवायला कुनालाबी येतंय. उसवायचं कुठनं, ते आधी दाखीव मला," त्या वैतागून म्हणाल्या. मग त्यांनीच मापाच्या निळ्या खडूने काचेच्या डाव्या कडेला रेघ ओढली. पदराला पुसून ती दुपारपर्यंत नाहीशी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पहिला ब्लाऊज बेतण्याआधी काकू ती नव्याने ओढायच्या.

व्हिडिओ कॉलवर त्या पांढऱ्या फोनात मनीषा इतकी स्वच्छ दिसे, की काकू हात पुढे करून तिच्या कपाळावरची बट मागे सारू पाहत. पलीकडून मनीषा म्हणायची, "आई, वाळलीस गं. जेवतीस का नाय?" फोन ठेवल्यावर काकू माझ्याकडे वळत. "ह्यो लई चुगलखोर हाय. त्यो जुना बरा, धुरकट दाखवायचा. पोरगी निवांत असायची."

जुन्या फोनचा पडदा तेव्हा झटके खाऊ लागला होता. मनीषाने मला सांगितलं, सगळं नव्यात भरून जुना काढून टाक. मी बसले. फोटो आले, नंबर आले, संदेश आले. काकूंनी पडद्यावरून नजर न उचलता विचारलं, "अन् काका?"

काका, म्हणजे त्यांचे यजमान, मंचरच्या बाजारात टेम्पोने कांदा पोचवीत. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. जुन्या फोनात प्रत्येक कॉल आपोआप साठत असे. काकांच्या नावावर बोट ठेवलं, की खाली त्यांचे सारे कॉल ओळीने उभे राहत. काकूंनी एक लावला. मागे बाजारातला गलका, मग भरदार आवाज: "जय भीम, मालकीणबाई! माल उतरला. निगालो. भाकरी टाका."

हे कॉल नव्यात आलेच नव्हते. मी ते वेगळे काढले, महत्प्रयासाने पांढऱ्या फोनातही नेले. पण तिथे त्यांच्यावर नाव नव्हतं. नुसत्या आकड्यांच्या लांबलचक ओळी. काकू त्या ओळींवरून बोट फिरवत राहिल्या, अंधारात सुईचं नेढं चाचपावं तशा.

"ह्यात ह्यांना हुडकू कुठं? आकड्यानं कधी हाक मारली व्हती का मी?"

मनीषा फोनवर चिडली. "आई, दोन-दोन फोन कशाला गं? लोक हसतील."

"हसू दे. एक तुला बघायला, एक त्यांना ऐकायला."

त्याच संध्याकाळी त्यांनी हिरव्या खणाची पिशवी शिवली. मधे जाड अस्तर, दोन कप्पे, कडेला लाल पायपिंग. ती कमरेला खोचून त्या बाजारालाही जात. चालताना दोन फोन एकमेकांवर आपटू नयेत, म्हणून अस्तर दुपदरी केलं होतं. "दोघांचं पटत न्हाई, पर एका घरात ऱ्हात्यात," त्या हसून सांगत.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. खोली आवरायला मनीषा आली, तेव्हा मीही गेले. मशीनवर चादर होती. तेलाचा वास मात्र कुणी झाकू शकलं नव्हतं. काकूंशी मी आठवड्यातून कितीदा तरी बोलत असे. पण माझ्या फोनात त्यांचा आवाज कुठेच नव्हता. त्यात कॉल साठत नसत, आणि साठवावेत असं मला कधी सुचलंही नाही. तो आवाज आठवू पाहिला की शब्द आठवत. सूर हातातून निसटे.

मनीषाने पांढरा फोन स्वतःकडे ठेवला. त्याच्या डाव्या कडेला काकूंनी शेवटची ओढलेली निळ्या खडूची पुसट रेघ अजून होती. तिने ती पुसली नाही. जुना फोन पिशवीतून काढून तिने माझ्यापुढे धरला. "बाबांचे सगळे कॉल मी माझ्याकडे घेतले. आता खाली बघ, तुझंही नाव आहे."

माझ्या नावावर मी बोट ठेवलं आणि ओळीतला पहिला कॉल लावला. पडदा थरथरला. आधी मशीनची धावती खडखड ऐकू आली, नेहमीसारखी भरधाव. मग ती थांबली. फोन माझा आला, की काकू हातातलं शिवण थांबवीत असत, हे मला त्या क्षणी कळलं. लहानशा शांततेनंतर अगदी जवळून, कानाशी ओठ आणावेत तसा, त्यांचा आवाज आला:

"बोल."