स्लॅबखालची खुर्ची

हे सांगायचं मी सतरा वर्षं टाळलं. प्रसंग पुष्कळ आले, आणि दर वेळी मी दुसरंच काही बोलून वेळ मारून नेली. मधुकर थूल गेला त्याला आता सहा आठवडे होतील. सकाळी साडेसातच्या सुमारास त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. "काका, बाबा गेले. पहाटेच." मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसलो होतो. इतक्या वर्षांचा सोबती गेल्याचं ऐकून माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यायला हवं? माझ्या मनात आलं, जाताना तो काही बोलून तर गेला नाही ना... पहिली आली ती भीती. दुःख नंतर आलं, दुपारी, ताटावर बसल्यावर.

वर्ध्यात माझी बांधकामाची फर्म होती. पाटीवर एकट्याचं, माझंच नाव. मधुकर माझ्याकडे आला तेव्हा नुकता डिप्लोमा झालेला, सायकलवर, शर्टाच्या खिशात टेप घेऊन. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की नकाशे काढणं, कामं मिळवणं, लोकांना भेटणं माझ्याकडे आणि बाकी सगळं त्याच्याकडे. ऑफिस मी चालवायचो, फर्म तो चालवायचा. लोखंड बांधलेलं त्यानं डोळ्याखालून घातल्याशिवाय एक घमेलं काँक्रीट पडत नसे. मजूर मला 'मोठे साहेब' म्हणायचे आणि ऐकायचे त्याचं.

ती खुर्चीची पद्धत कशी पडली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या सुरुवातीच्या काळात दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर सेंट्रिंग काढताना पोर्च खाली आला होता. ती बातमी मजुरांत पसरली आणि आमच्या कामावर स्लॅबखाली जाऊन त्याला तोलून धरणारे लाकडी टेक काढायला कुणी तयार होईना. मधुकरनं काही भाषण केलं नाही. स्टोअरमधली घडीची लोखंडी खुर्ची आणली, स्लॅबच्या बरोबर मध्यावर उघडली, तिच्यात बसला आणि चहा मागवला. "खोला आता. पडला त पहिले माह्या डोक्शावर पडन." आमचा सेंट्रिंगचा मिस्त्री सोमा मडावी जंगलाकडच्या गावाचा, बायकोशी गोंडीत बोलणारा आणि आमच्याशी जेमतेम बोलणारा माणूस. त्या दिवशी तो हसून म्हणाला, "साहेब, चहा लवकर पेजा. कपात सिमेंट पडन." शेवटचा टेक निघेपर्यंत मधुकर बसून राहिला. तेव्हापासून प्रत्येक स्लॅबला तसंच. ती खुर्ची एरवी कुणी वापरायची नाही. ती स्टोअरमध्ये कुलपात असे. एक चाबी मधुकरच्या कमरेला, दुसरी माझ्या टेबलाच्या खणात.

बाहेरचे लोक याचं कौतुक करायचे, मीही चारचौघांत करायचो. पण आज सगळं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की ती खुर्ची मला सलायची. मी कधी सोमाला म्हटलं, "आज खोलून टाक," तर तो मान खाली घालून विचारायचा, "खुर्ची कुठं हाये जी?" माझी फर्म, माझी सही, माझं नाव, आणि माझ्या शब्दापेक्षा एका गंजलेल्या खुर्चीला वजन जास्त. मालकाला हे सहन होत नाही. होतं असं म्हणणारा खोटं बोलतो.

अल्लीपूरकडच्या एका गावी आम्ही एका संस्थेचं सभागृह बांधत होतो. मधला गाळा मोठा होता, खांब नकोत अशी त्यांची अट. स्लॅब टाकला तो ऐन थंडीत. आमच्याकडे सेंट्रिंगच्या प्लेटांचा आणि टेकांचा एकच संच होता आणि हिंगणघाटच्या दुसऱ्या कामावर त्याची वाट पाहून गवंडी बसून होते. तिथला मालक रोज फोन करून काम काढून घेण्याची धमकी द्यायचा. नवव्या दिवशी मी मधुकरला ऑफिसात बोलावलं.

"उद्या खोलून टाकू."

"उद्या नाई भाऊ. एकवीस दिवस राहू द्या."

"नऊ दिवसांतही खोललेले आहेत आपण."

"ते लहान होते, अन् उन्हाळ्यातले होते. या थंडीत माणूस लवकर उठत नाई, सिमेंट काय उठन?"

"मधुकर, फर्म मला चालवायची आहे."

"चालवा ना, कोन नाई म्हनते. पन खाली मले बसा लागते."

त्याचा आवाज चढला नव्हता. माझाही नाही. पण तो गेल्यावर मी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला केळझरला पाठवलं, एका कंपाउंड भिंतीचं माप घ्यायला. ते माप आठ दिवसांनी घेतलं असतं तरी चाललं असतं. त्याला काही संशय आला नाही. निघताना म्हणाला, "येतानी गनपतीजवळचे पेढे आनतो तुमच्यासाठी. मी देव नाई मानत, पन पेढा मानतो." तो गेल्यावर मी खण उघडून चाबी घेतली.

खुर्ची मीच जीपमध्ये टाकली. मजूर कामावर यायच्या आत मीच ती स्लॅबखाली मधोमध उघडून ठेवली. सोमानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थूलसाहेब?"

"मागून येतोय. खोलायला सांगितलंय त्यानं. तुम्ही सुरू करा."

सोमानं पुन्हा एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग हातोडा घेऊन आत गेला. मी बाहेर जीपजवळ जाऊन उभा राहिलो. मी त्या खुर्चीत बसलो नाही... बसण्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. मला भीती वाटत होती. म्हणजे मला माहीत होतं. या एका गोष्टीपाशी मी इतकी वर्षं येऊन थांबतो. मला माहीत नसतं तर मी आत थांबलो असतो.

टेक निघताना एक कोरडा, लाकडाचा आवाज होतो. तसे दहा-बारा झाले. मग एक वेगळा आवाज आला, कुणी वरून जाड कापड फाडावं तसा, आणि पाठोपाठ जमीन हलली. धूळ बसायला बराच वेळ लागला. बाकीचे कडेला होते, ते वाचले. सोमा मध्यावर होता, खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मधुकर धावत आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो कुठे ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

चौकशी झाली. मजुरांनी जे पाहिलं तेच सांगितलं. सोमानं दवाखान्याच्या खाटेवरून सांगितलं, "थूलसाहेबाची खुर्ची होती, म्हनून मी आत गेलो." मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, हो, मधुकरनंच सकाळी खोलायला सांगितलं होतं. एवढं एक वाक्य. मधुकर म्हणाला, "मी नाई सांगतलं." पण खुर्ची त्याची होती, आणि ती तिथं होती. जबाबासाठी आत जाण्याआधी, बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच असताना त्यानं मला विचारलं होतं, "भाऊ, स्टोअरची दुसरी चाबी कोनाजवळ होती?"

"स्टोअर उघडंच होतं त्या दिवशी," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. स्लॅबची खालची बाजू तपासताना बघायचा तसा, कुठे बारीक चीर दिसते का ते शोधत. मग म्हणाला, "असन." आणि आत गेल्यावर त्यानं चाबीचा विषय काढला नाही. का काढला नाही ते मला आजही ठाऊक नाही. मला वाचवायला, की माझ्या तोंडून यावं म्हणून... मी त्याला कधी विचारलं नाही.

ठपका त्याच्यावर आला. त्यानं काम सोडलं, म्हणजे मी सोडू दिलं. जाताना त्यानं फक्त ती वाकलेली खुर्ची मागून घेतली. पुढं कुणी त्याला मोठं काम दिलं नाही. बोरगाव मेघेला राहायचा, तिथंच लहानसहान घरांवर देखरेख करायचा. सगळ्यात वाईट हे, की सोमानं त्याच्याशी बोलणं टाकलं. मधुकर त्याला भेटायला जायचा, आणि सोमा कुबडी घेऊन आत निघून जायचा. हे मला दुसऱ्यांकडून कळायचं आणि मी मान हलवून ऐकून घ्यायचो. माझी फर्म आणखी सात वर्षं चालली. चालली म्हणजे पाटी राहिली. जुने मिस्त्री एकेक करून गेले. नवे यायचे आणि सेंट्रिंग खोलताना मीच दूर उभा राहिलेला पाहून आपसांत काही बोलायचे. एके दिवशी मी पाटी काढून टाकली.

तेव्हापासून मी भीतीतच राहतो. कुठल्याही सभागृहात गेलो की आधी वर बघतो, मग दाराजवळची जागा धरतो. नातीच्या लग्नात मी पूर्ण वेळ मांडवाबाहेर उभा होतो, घरच्यांना वाटलं उकडतंय. माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब मधुकरनंच टाकलेला, त्याच्यासारखा मजबूत वर्ध्यात नसेल. तरी मी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये झोपतो. घंटी वाजली की वाटतं, मधुकर आला, बरोबर सोमा आहे. बाजारात तो लांबून दिसला तर मी गल्ली बदलायचो. पण भीतीची गंमत अशी, की तीच मला त्याच्या घरी न्यायची. वर्षातून एक-दोनदा, त्याच्या मनात काय आहे ते चाचपायला. वाटेत मी वाक्य पाठ करत जायचो आणि तसाच परत यायचो.

शेवटचा गेलो तो त्याच्या जाण्याआधी दोन महिने. तो खाटेवर पडून होता, बारीक झालेला. अंगणाकडच्या व्हरांड्यात ती खुर्ची. त्यानं ती ठोकून सरळ करून घेतली होती, एक पाय वेल्डिंगनं जोडलेला, त्याच्याखाली फरशीचा तुकडा. दर वेळी तो तीच पुढं करायचा.

"बसा भाऊ."

"नको, घाईत आहे."

"उभे काऊन राह्यता जी? पडत नाई ते आता."

मी हसल्यासारखं केलं. अर्धा तास उभा राहून साखर, गुडघे, थंडी यावर बोललो. निघताना तो म्हणाला, "येजा भाऊ. लवकर येजा." मी गेलो नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या स्मरणासाठी सगळे जमले तेव्हा, मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, मधुकर प्रामाणिक होता, कष्टाळू होता. लोकांनी माना हलवल्या. कुणी तरी मागून पुटपुटलं, "तो एक अपघात सोडला त..." मी माईक परत दिला. तो 'सोडला तर' माझा होता. मी खाली बसलो, आणि त्याच आठवड्यात सोमाकडे गेलो. सगळं सांगितलं, खण, चाबी, जीप, सगळं. मला वाटलं होतं तो कुबडी उगारेल. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आपल्या कापलेल्या पायावरून हात फिरवत म्हणाला, "मी त्याच्या मातीले गेलो नाई जी." मी उठलो तेव्हाही तो तसाच बसला होता.

तिथून प्रज्ञाकडे गेलो. हा लेख लिहून नेला होता, म्हटलं आधी तुला वाचून दाखवतो, तू नको म्हणालीस तर छापणार नाही. इथवर लिहिलेलं बहुतेक तिनं ऐकलं. डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं, काका. स्टोअरला कुलूप त्यांनीच लावलं होतं आदल्या दिवशी. आई चिडायची, सांगत का नाही म्हणून. ते म्हणायचे, भाऊ येईन एक दिवस, त्या खुर्चीत बसन अन् सांगन."

मग ती म्हणाली, "छापा. सोमाकाकांसाठी छापा. पण हे बाबांना सांगायचं होतं तुम्ही." आणि चहा ठेवायला आत गेली.

खुर्ची तिथंच होती, फरशीच्या तुकड्यावर. मी पहिल्यांदा तिच्यात बसलो. ती थोडी डुगडुगली आणि माझा हात आपोआप भिंतीला गेला. मी वर पाहिलं. व्हरांड्याचा तो लहानसा स्लॅब मधुकरनं टाकलेला, खालून गुळगुळीत, कुठे चीर नाही. तरी मी खुर्चीच्या कडेवरच टेकलो होतो. समोर त्याची खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली. इतकी वर्षं पाठ केलेलं वाक्य मी त्या गुंडाळलेल्या गादीला म्हटलं, हळूच, आत ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"मधुकर, दुसरी चाबी माझ्याजवळ होती. खुर्ची मी ठेवली. मला माफ कर."