काशिनाथच्या वेलीची अकरा बोंडं

"कदमभाव! ये कदमभाव! वरती ये! लागली! वेलीला लागली!"

सकाळचे साडेसहा वाजले होते. काशिनाथ म्हात्रे गच्चीवरून असा ओरडत होता की तळोज्याच्या कारखान्यांचे भोंगे लाजून गप्प बसले. मी दुसऱ्या मजल्यावर, दाढीला साबण लावलेला, आरशासमोर उभा. मला घाई नव्हती. वेलीला काय लागलंय, किती लागलंय आणि कुठल्या फांदीला लागलंय, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी दुपारी काशिनाथ झोपलेला असताना मीच ते सगळं हिरव्या दोऱ्यानं बांधलं होतं.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बायकोला सांगितलेलं नाही — दोरा तिच्या शिवणाच्या डब्यातला होता, तरीही नाही. देवाला सांगितलं नाही, कारण त्याला सांगायची गरज नसते असं म्हणतात. आणि माणसांना सांगून उपयोग काय? आमच्या नावडे गावात मला ओळखणारा कोणीही सांगेल, कदम बोलायला लागला की आधी चारानं भागायचं. भोंगे लाजले वगैरे तुम्ही वाचलंतच. आता यापुढे जिथे थाप येईल तिथे मीच सांगेन. चालेल ना?

तर काशिनाथ. तो माझा घरमालक. जातीनं आगरी, जमिनी गेल्या त्या पैशांतून ही तीन मजली इमारत बांधली, पहिल्या मजल्यावर स्वतः राहिला आणि दुसऱ्यावर मला ठेवला. बावीस वर्षं झाली. मी साताऱ्याकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला. तो तळोज्यात वजनकाट्यावर होता. तीस वर्षं ट्रक तोलले त्यानं. भरलेला ट्रक किती, रिकामा किती, कागदावर आकडा. ड्रायव्हर लोकांनी काय काय करून पाहिलं, पण हा दिवाळीचा मिठाईचा खोकासुद्धा परत पाठवायचा. त्यामुळे गावात भावाभावांत वाटणी असो की होडीतल्या मासळीचे हिस्से असोत, वाद पेटला की लोक म्हणायचे, काशिनाथला विचारा. तो सांगेल ते खरं. त्याच्यापाशी इमारत होती, भाडी होती, पण माणसाची श्रीमंती म्हणतात ती ही होती. आणि गावातला सर्वांत मोठा थापाड्या त्याचा सर्वांत जवळचा दोस्त — देवानं जोडी अशी का लावावी? कदाचित काट्याची दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून.

वेल आणली ती त्याच्या जावयानं. निलेश. पनवेलचा पोरगा, बीअरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. एकदा येताना कुंडीत एक मुळाचा तुकडा घेऊन आला. हॉप्स म्हणे. बीअरला कडवटपणा आणि वास येतो तो या वेलीच्या बोंडांचा. जांभळाएवढी असतात, हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची. निलेशनं तेव्हाच सांगितलं होतं, की पप्पा, पानं बघायची, बोंडं विसरायची. या वेलीला थंडी लागते आणि उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. आपल्याकडे सव्वातेरा तासांच्या वर सूर्य थांबत नाही. ती चढेल, पण धरायची नाही.

हे ऐकून काशिनाथ पेटला. त्याच्या बापानं खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलं होतं आणि त्या जमिनीत भात काढला होता. परदेशी वेलीला बोंडं आणणं म्हणजे काय मोठंसं? त्याची बायको, म्हणजे आमच्या वैनी, मच्छी विकून बाजारातून आल्या की त्यांच्या पाटीतला उरलेला बर्फ तो कुंडीच्या मुळाशी घालायचा. संध्याकाळी दिवस मावळला की गच्चीवर ट्यूबलाइट लावून आणखी दोन-तीन तास वेलीला दिवस असल्याचं भासवायचा. वेलीला बोंबलाचा वास यायला लागला, गावभरची मांजरं गच्चीवर नांदायला आली. वेल चढली मात्र राक्षसासारखी. सकाळी टाकीवर बसलेला कावळा दुपारपर्यंत तिनं गुंडाळून टाकला होता. (थाप.) तीन वर्षं पानंच पानं. बोंड एक नाही.

आणि त्यानं गावदेवीला बोलून ठेवलं होतं. आमच्या गावात कुठल्याही वेलीचं पहिलं फळ देवीचं — दुधी असो, शिराळं असो. यानं हॉप्सचंही बोलून ठेवलं.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात त्याच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, उजव्याचा राहिला होता. डॉक्टरनं वाकायचं नाही, चढायचं नाही असं बजावलेलं. गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा आणि वेलीकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, रविवारी ती उपटून टाकतो, शिराळी लावतो. एवढंच म्हणाला. आणि मी — मला काय झालं? दया आली? तसं लिहायला बरं वाटेल. पण खरं सांगू? गंमत वाटली. आयुष्यभर तोंडानं थापा मारल्या होत्या. हातानं एक करून बघावी वाटली. शिवाय त्या निलेशचं दर वेळी बरोबर असणं मला सोसत नव्हतं.

ऑनलाइन वाळकी बोंडं मिळतात. पाकीट मागवलं. चहाच्या भांड्यावर वाफ देऊन ती मऊ केली, त्यांतली धड दिसणारी अकरा निवडली, आणि पाण्याच्या टाकीच्या बाजूला, पानांच्या आत आत बांधली. डोळसाला दोन हातांवरून कळलं असतं. पण ज्याला तीन वर्षं जे बघायचं होतं, त्याला ते दिसलंच.

साबण पुसून मी वर गेलो. काशिनाथ पानांत हात घालून उभा होता. पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपत होता आणि हसत होता — आवाज न करता. मी म्हटलं, सरक, तुला चढायचं नाही, मी काढतो. स्टुलावर चढलो, नखानं दोरे तोडले, खिशात टाकले आणि बोंडं एकेक करून त्याच्या ओंजळीत दिली.

पाच देवीला गेली. मीही सोबत गेलो. त्यानं नारळ फोडला, बोंडं हळदकुंकवात ठेवली, आणि देवळाबाहेर येऊन भेटेल त्याला सांगत सुटला. त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर? हसला असता, चार शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं. मला ते कळत होतं. मी प्रसादाचं खोबरं खात होतो.

चार बोंडांची आम्ही बीअर केली. वैनींच्या मोठ्या टोपात, मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी उकळून. चार बोंडांनी काय कडू होणार? काशिनाथची पाठ फिरली तशी उरलेलं अर्धं पाकीट मी टोपात उपडं केलं. तीन आठवड्यांनी बाटल्या उघडल्या. पहिल्या घोटाला माझा सात वर्षं बंद असलेला कान उघडला. (थाप. पण बीअर खरंच चांगली झाली होती.) परवान्याचं विचारू नका; हा एकाच गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे.

उरलेली दोन बोंडं त्यानं डबीत ठेवली होती. निलेशला दाखवायला.

ती दाखवली चैत्रात, देवीच्या जत्रेच्या जेवणाला. गच्चीवर मांडव, चाळीस-पन्नास माणसं, मटण-वड्यांची पंगत. निलेशनं डबी उघडली, एक बोंड बोटांत चुरडलं, हुंगलं. काशिनाथनं विचारलं, काय जावई, बोला की. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो बोलला. पप्पा, ही भट्टीत वाळवलेली आहेत. आतली भुकटी पिवळी पाहिजे, ही नारिंगी पडलीय — वर्षभर तरी जुनी असतील. वेलीची नाहीत ही, विकतची आहेत. आणि मग, पंगत अवघडली म्हणून तिला हसवायला, पुढे म्हणाला, "कदमकाकांच्या संगतीनं आमचे पप्पापण फेकायला लागले."

माणसं हसली. मोकळेपणानं, जत्रेला हसतात तशी. मीही हसलो.

काशिनाथ हसला नाही. ताटावरून उठला, हात धुतला, देवळाकडे तोंड केलं. चढ्या आवाजात बोलला नाही तो. म्हणाला, "गावदेवीची आन हाय. ही माझे वेलीची हायेत." मग माझ्याकडे वळला. "कदमभाव, तू सांग."

पन्नास तोंडं माझ्याकडे. मी काय बोललो माहीत आहे?

"मी माझ्या हातानं खुडलीत."

शब्दन् शब्द खरा. स्टूल खरं, हात माझा, खुडणं खरं. जन्मभर थापा मारल्या, कुणाचं नखभर वाकडं झालं नाही. जे वाकडं झालं, ते या एका खऱ्या वाक्यानं. आणि लोकांनी — माझं काहीही न मानणाऱ्या लोकांनी — तेवढं मानलं, कारण शेजारी काशिनाथ उभा होता.

त्यानं निलेशला सांगितलं, माझ्या घरात मला खोटा म्हणालात. शब्द मागे घ्या, मग जिना चढा. निलेशचाही मान होता. आणि त्याचं बरोबर होतं, हे त्याला माहीत होतं — तो शब्द कसा मागे घेणार? तो उठला. त्याच्यामागे सुप्रिया, काशिनाथची एकुलती एक मुलगी.

त्यानंतर वर्षभर सुप्रिया एकटी यायची. मग बाळंतपणाला आली, रीतीप्रमाणे माहेरी. मुलगी झाली. निलेशनं तिला दवाखान्यात पाहिली, पण तिला घरी आणल्यावर त्याची वाट बंद. रोज संध्याकाळी कामावरून सुटला की आमच्या गल्लीत यायचा, स्कूटर लावून खाली उभा राहायचा. सुप्रिया पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बाळ घेऊन यायची, दुपट्याची कड बाजूला करून दाखवायची. तो मान वर करून बघायचा. पाच मिनिटं, कधी दहा. मग हेल्मेट घालून जायचा.

मी वरच्या गॅलरीतून हे बघायचो. माझ्या दारापासून काशिनाथच्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. मोजल्यात मी, त्या दिवसांत फार वेळा मोजल्या. पहिल्या दिवशी बारा उतरलो होतो. तेराव्या पायरीवर मला आठवलं, की त्यानं देवीची आण घेतलीय. मी खरं सांगितलं तर ती आण खोटी होणार, आणि खोटी आण घेतलेला काशिनाथ काशिनाथ कसा राहील? बघा, किती सुंदर कारण सापडलं. काशिनाथच्या नावानं मी स्वतःला वाचवलं आणि परत वर आलो. खरी भीती एवढीच होती, की इतक्या वर्षांचा दोस्त माझ्याकडे त्या नजरेनं बघेल, ज्या नजरेनं तो ड्रायव्हर लोकांकडे बघायचा.

आता सगळं ठीक आहे. ठीकच्याही वर आहे. पोरगी चार वर्षांची झाली, हॉप्सची पानं ओरबाडून मांजरांना जेवण वाढते. निलेश दर रविवारी येतो, सासरा-जावई टाकीच्या सावलीत बसून बीअर रिचवतात, मी बाजूला बसून गोष्टी सांगतो आणि दोघं मला वेड्यात काढतात. वेल यंदाही टाकीच्या वर गेली. पुन्हा बोंड लागलं नाही. कोणी पाहुणा आला की काशिनाथ सांगतो, एकदाच दिली देवीनं, अकरा दिली. निलेश मान डोलावतो. बीअर थंड असते, खाडीकडून वारा येतो, आणि मी सुखात आहे — हेही लिहायला हवं. झोप लागते मला. थापा अजून मारतो. हे काशिनाथ वाचेल? वाचेल तर वाचेल.

बारशाचा दिवस राहिला सांगायचा. पाळणा हलवून झाला, नाव ठेवून झालं — दुर्वा. पाटावर माणसं बसली, आणि जिन्यावर निलेश उभा दिसला. नवे कपडे, हातात चांदीचे वाळे. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. मी काशिनाथच्या शेजारच्या पाटावर होतो, माझ्या पुढ्यात केळीचं पान, पानावर खीर वाढलेली. निलेशनं आधी सुप्रियाकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. मग आत आला, सगळ्यांदेखत वाकला आणि काशिनाथच्या पायांना हात लावून म्हणाला, "पप्पा, माझं चुकलं. बोंडं तुमच्याच वेलीची होती."

मी खिरीकडे बघत होतो.

काशिनाथनं त्याला खांद्याला धरून उठवलं, माझ्या आणि स्वतःच्या मध्ये जागा केली, आणि म्हणाला, "चुकतं मानसाचं. जेवून घ्या."