दोरी काढलेलं इंजिन

पारनेरला ज्यांच्याकडे मी फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकायचो, त्या मिस्तरींचं नाव मी कधी विचारलंच नाही. दुकानात त्यांनी स्वतः बनवलेलं, रिमोटवर उडणारं पुरुषभर लांब पंखांचं विमान टांगलेलं असे. त्याच्या नाकात भंगारातून आणलेलं, झाडं कापायच्या करवत-मशीनचं इंजिन. वजन कमी व्हावं म्हणून इंजिन सुरू करायची दोरीच त्यांनी काढून टाकली होती. त्यामुळे पुढचा लाकडी पंखा बोटानं झटका देऊन फिरवावा लागे. ते बघूनच माझा जीव अर्धा होई.

इंजिन बंद झालं की ते एकेका बोटाला अंगठा लावत पुटपुटत. मला वाटे, जप असेल.

एकदा माळावर त्यांनी मला विमानाची शेपटी धरायला लावली.

"मिस्तरी, आवाजाचीच धडकी भरते हो."

"आवाजाला नका भिऊ, सर. करवतीचे दात निदान दिसत्यात. ह्यो पंखा फिराया लागला की दिसतच न्हाई."

त्यांनी झटका दिला. इंजिन एकदम पेटलं, विमान पुढं ओढ घेऊ लागलं. आणि पुढं तेच उभे होते. मी डोळे गच्च मिटून शेपटी धरून राहिलो.

इंजिन थांबलं. ते माझ्याजवळ आले आणि आखडलेली माझी बोटं एकेक करून सोडवू लागले. "एक, दोन, तीन..." माझी दहा झाली. मग त्यांनी स्वतःची मोजली आणि तेव्हा कुठं श्वास सोडला.