ब्रेक परत द्या

मी कॉलेजात होते तेव्हापासून आमच्या घरात एकाच कंपनीचा गेमिंग कन्सोल आहे. नवा आला की जुना कपाटात जातो. दुसऱ्या कंपनीचा कधीच आला नाही. मुंबईतल्या चाहत्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यातही मी अगदी सुरुवातीपासूनची. म्हणून ‘कंपनीवर टीका करणारी तू कोण?’ असं कोणी विचारलं की मला हसू येतं. मी नाही करायची तर कोणी?

माझी ताई नाहूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहते. पक्षाघातानंतर तिचा उजवा हात नीट चालेना. मी सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलरची कामाची सगळी बटणं डावीकडे घेतली आणि तिला गाड्यांची रेस शिकवली. महिन्याभरात ती मला हरवायला लागली. आजारपणानंतर पहिल्यांदाच तिला मोठ्याने हसताना ऐकलं.

मग एका रविवारी सकाळी कन्सोलला अपडेट आलं आणि बटणं बदलायची सोयच गायब झाली. पहिल्याच वळणावर ताईची गाडी भिंतीवर.

“अगं, ब्रेक कुठे गेला माझा?”

मी तिथेच बसून ग्रुपवर सगळं लिहिलं. कंपनीने चूक केलीय, असं स्पष्ट लिहिलं. ग्रुप चालवणारा मालाडचा माझा जुना दोस्त. त्याचा लगेच फोन आला.

“तू पण यार? बाहेरचे शिव्या घालतायतच, आता घरचेही सुरू?”

“शिव्या कुठे घातल्या रे? काढून घेतलेला ब्रेक परत मागतेय.”

“थोडं समजून घे ना. करतील नीट.”

“कोणी सांगितलंच नाही तर कशाला करतील?”

त्याने फोन ठेवला. वाईट वाटलं, पण पोस्ट काढली नाही.

पुढच्या महिन्यात अंधेरीला कंपनीने चाहत्यांचा मेळावा ठेवला. मी ताईला घेऊन गेले. दोस्त दारातच म्हणाला, “तमाशा नको हं.” स्टेजवरच्या साहेबांनी शेवटी विचारलं, काही सूचना? मी उभी राहिले. ताईचा ब्रेक कसा गेला ते सांगायला लागले. मी बोलत होते तोवर ताई सावकाश चालत स्टेजपर्यंत पोचली आणि तिथे लावलेल्या रेसचा कंट्रोलर साहेबांच्या डाव्या हातात दिला.

“उजवा हात खिशात ठेवा आणि एक वळण घेऊन दाखवा.”

त्यांनी घ्यायचा प्रयत्न केला. गाडी भिंतीवर. हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, “आवडत नाही तर दुसऱ्यांचा घ्या!”

तेवढ्यात माझा दोस्त उठला. “सर, ह्या बाहेरच्या नाहीत. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या आहेत. लिहून घ्या ते.”

साहेबांनी खरंच लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी ती सोय परत आली. आमच्यामुळे की कसं, कोण जाणे. कंपनीने ना माफी मागितली ना कारण सांगितलं. जुन्या गेममध्ये ती अजून चालत नाही, तेही मी ग्रुपवर लिहिलंय. दोस्ताने त्यावर नुसते हात जोडले. ताई मात्र आता त्यालाही हरवते, आणि हरला की तो कंट्रोलरला दोष देतो.