तीन सोर्स, एक साधू

"सर, तुम्ही हा लेसन परत पाठवलात तर माझी नोकरी गेली," वैशाली माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली.

तिचं खरं होतं. आमचं ऑफिस कतारगामात, हिऱ्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांसाठी त्यांच्याच इतिहासाचे ऑनलाइन लेसन आम्ही सुरतेत बसून लिहितो. वैशाली लिहिते, मी तपासतो. शाळेतून रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे पत्करलं. ती अजून प्रोबेशनवर होती आणि तिचे दोन लेसन आधीच परत गेले होते. तिसरा गेला की राम राम, असा नियम. तिचे वडील उधन्याला कापडाच्या लूमवर होते. खडखडाटाने कान गेले, काम सुटलं. घर तिच्याच पगारावर चाललेलं.

दुसरा नियम तीन सोर्सचा. एखादी गोष्ट तीन ठिकाणी लिहिलेली सापडली की ती खरी. तीन नावं भरली की कॉम्प्युटर हिरवी टिक देतो. वैशालीला टिक मिळाली होती.

विषय होता रोमन लोक ब्रिटन सोडून गेल्यानंतरचा. उत्तरेकडून हल्ले वाढले म्हणून तिथल्या राजाने समुद्रापलीकडचे सॅक्सन लढवय्ये मदतीला बोलावले. पाहुणे म्हणून आले आणि घरमालक होऊन बसले. इंग्रजांनी जिथे वखार घातली त्या सुरतेत बसून हे वाचताना, खरं सांगतो, मनाला जरा बरंच वाटतं.

पण तिचे सोर्स मी उलगडून बघितले. पहिला एक ख्रिस्ती मठातला साधू. घटना घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लिहिणारा. त्याला इतिहास लिहायचाच नव्हता, आपल्या लोकांना त्यांच्या पापांबद्दल झापायचं होतं. वैशालीने लेसनमध्ये ठोकून दिलेलं साल त्याने दिलेलंच नाही. दुसरा साधू त्याच्या कितीतरी नंतरचा. त्याने पहिल्याचंच घेतलं, वर नावं आणि साल घातलं. तिसरी एक बखर, ती दुसऱ्यावरून उतरवलेली. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही रागावलेला.

बॉसच्या केबिनमध्ये गेलो. जिग्नेशभाईंचं घराणं साड्यांच्या धंद्यातलं, म्हणून त्यांना समजेल असं सांगितलं.

"भाई, मार्केट में एक डिझाइन चली, तो आठ दिन में सौ दुकान में वही लटकती है. तो क्या डिझाइनर सौ हो गए?"

ते मनापासून हसले. "एकदम सही बात, सर. लेकिन सौ दुकान में बिकती तो है ने? क्लायंट को साल चाहिए. दे दो."

वाद घालता आला असता, पण कंटाळा आला होता. आयुष्यभर मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, आता इंग्लंडच्या सालासाठी कोणाशी भांडू? मी लेसनमध्ये 'असं म्हणतात' घातलं, खाली दोन ओळींची टीप जोडली की हे सगळं मुळात एकाच माणसाच्या सांगण्यावर उभं आहे, आणि पास केला.

क्लायंटने टीप काढली, 'असं म्हणतात'ही काढलं. मुलं गोंधळतात म्हणे. बाकी लेसन उत्तम.

वैशाली कन्फर्म झाली. सगळ्यांसाठी लोचो, आमचा सुरती नाश्ता, घेऊन आली. माझी प्लेट तशीच बघून म्हणाली, "सर, रागावलात का?"

"नाही गं. तुझा पगार खरा आहे. साधू त्यांचं ते बघून घेतील." मला तिच्यासाठी आनंद झाला होता, आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम.

परवा एका नव्या लेखकाचा लेसन आला. तोच विषय, वरच्या वर्गासाठी. हिरवी टिक. मी सवयीने सोर्स उघडले. तिसरा उघडला तर आमचाच लेसन, ठणठणीत सालासकट. तळाशी 'तपासणी' आणि पुढे माझं नाव.

जिग्नेशभाईंना दाखवलं. त्यांचा चेहरा खुलला. "वाह सर! हवे तो आपणे ज सोर्स!" म्हणजे, आता तर आपणच सोर्स.

तेव्हा एवढंच शिकलो. तीन साक्षीदार एका सुरात बोलायला लागले, की आधी विचारावं, तुम्ही तिघे एकाच रिक्षातून आलात का? आणि रिक्षा कोण चालवत होतं, तेही बघून घ्यावं. या वेळी मीच होतो.